वडिलांच्या फोनमधून यूपीआय काढून टाकू का? (डिजिटल अरेस्टचा फोन आला होता)

बार्शीकर_पुण्यात यांनी लिहिलंय:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आईबाबा बार्शीत असतात, मी पुण्यात, ताई सोलापुरात. बाबा एकाहत्तरचे, सरकारी नोकरीतून रिटायर, तब्येत ठणठणीत. लॉकडाऊनमध्ये मीच त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला आणि फोनवरूनच सगळं शिकवलं, क्यूआर कसा स्कॅन करायचा, लाईट बिल कसं भरायचं, गॅस कसा बुक करायचा. सुरुवातीला माझं डोकं खाल्लं, पण नंतर असे तयार झाले की कॉलनीतले लोक आता त्यांच्याकडे रिचार्ज मारायला येतात. बाबांना यात केवढा आनंद आहे ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

तर गेल्या महिन्यात सकाळी तो डिजिटल अरेस्टचा, म्हणजे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळतात तसला, फोन आला. आधी रेकॉर्डेड आवाज, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, माहितीसाठी नऊ दाबा. दाबलं. मग एक जण अतिशय अदबीने हिंदीत, सर तुमच्या आधारवर मुंबईत एक सिम घेतलंय, त्यावरून घाणेरडे मेसेज गेलेत, गुन्हा दाखल आहे, थांबा साहेबांना जोडून देतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल, समोर खाकी, खांद्यावर स्टार, मागे झेंडा आणि गांधीजींचा फोटो. खोलीचं दार लोटून घ्या, कुणाला सांगितलंत तर त्यांनाही यात घ्यावं लागेल. आई चहा घेऊन आत गेली तर बाबांनी हातानेच जा जा म्हणून खुणावलं. ती म्हणते चेहरा असा पांढरा पडला होता की तिला वाटलं कुणीतरी गेलं.

तोवर एफडी कुठे आहे, किती आहे, सगळं सांगून झालं होतं. आता बँकेत जायचं, मोडायची आणि "सरकारी खात्यात व्हेरिफिकेशनला" टाकायची, फोन चालू ठेवून खिशात ठेवायचा, असं ठरलं होतं. आणि वाचले कशामुळे, तर लाईट गेली! राऊटर बंद, कॉल कट. बाबा मोबाईल डेटा कायम बंद ठेवतात, घरात वायफाय असताना कशाला जाळायचा म्हणून. तेवढ्या वेळात आईने ताईला फोन लावला आणि ताईने फोनवरच बोंब मारली.

पैसा एक रुपया गेला नाही. पण आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. ताई म्हणते सगळं काढून टाक, साधा बटणांचा फोन दे. मला ते पटत नाही पण तिला खोडूनही काढता येत नाही. कारण त्याच फोनमुळे मागच्या वर्षी बाबांचा ईसीजी मला पाच मिनिटांत मिळाला आणि इथल्या डॉक्टरांनी बघून लगेच हलवा म्हणून सांगितलं, नाहीतर सकाळपर्यंत थांबले असते. आणि त्याच फोनवर तो खाकीवाला पण आला. बाबा स्वतः काहीच बोलत नाहीत, फक्त अनोळखी नंबर उचलायचे बंद केलेत, म्हणजे गॅसवाला खाली बोंबलत असतो आणि हे उचलत नाहीत.

तुमच्या घरी काय केलंत? यूपीआय काढलंत का?

---

निवृत्त_कॅशियर:

पहिली गोष्ट, बाबांना कुणीही "तुम्हाला एवढं कळलं नाही का" असं म्हणू नका. म्हणून झालं असेल तर परत तरी म्हणू नका. २०२४ मध्ये पंजाबातल्या वर्धमान ग्रुपच्या अध्यक्षांना, म्हणजे आयुष्यभर कोट्यवधींचे व्यवहार केलेल्या, पद्मभूषण मिळालेल्या माणसाला, याच पद्धतीने सात कोटींना घातलं. त्यांच्यासमोर तर व्हिडिओवर अख्खं खोटं सुप्रीम कोर्ट भरवलं होतं, खोट्या सरन्यायाधीशांसकट. तेव्हा शिक्षणाचा, हुशारीचा काही संबंध नाही, ही भीतीची कला आहे. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरच्या मन की बातमध्ये पंतप्रधानांनाही सांगावं लागलं की डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यातच नाही.

दुसरी गोष्ट, तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. तुम्ही चुकीच्या दाराला कुलूप लावताय. यूपीआयला साधारण दिवसाला एक लाखाची मर्यादा असते. मोठा डल्ला यूपीआयने मारताच येत नाही, म्हणून तर हे लोक एफडी मोडायला लावतात आणि आरटीजीएस, म्हणजे बँकेतून मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवणं, करायला लावतात, म्हणजे माणूस स्वतःच्या पायाने ब्रँचमध्ये येतो, स्वतःच्या सहीने फॉर्म भरतो. मी काउंटरला होतो तेव्हा हे डिजिटल अरेस्ट वगैरे नव्हतं पण घाबरलेला म्हातारा माणूस पैसे काढायला आला की कळतं हो, हात थरथरतो, फोन कानाला किंवा खिशात चालू, आणि विचारलं कशाला काढताय काका तर पाठ केलेलं उत्तर येतं, मुलीचं लग्न, नाहीतर फ्लॅट घेतोय. मुलीचं लग्न होऊन वीस वर्षं झालेली असतात आणि ते आम्हालाही माहीत असतं कारण पत्रिका आम्हालाच दिलेली असते. आता अडचण अशी की काउंटरला बदलीवर आलेलं पंचविशीतलं पोरगं असतं, त्याला कुणाच्या मुलीचं लग्न झालंय ते काय माहीत.

तेव्हा करायचं ते हे. यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे. पेन्शन आणि एफडी वेगळ्या खात्यात, शक्यतो वेगळ्या बँकेत, त्याला मोबाईल बँकिंग नकोच. आणि एक गोष्ट लोक विसरतात, ऑटो स्वीप आहे का ते बघा. असेल तर सेव्हिंगमधले पैसे संपले की एफडी आपोआप मोडत जाते, तुम्हाला वाटतं खात्यात पाच हजारच आहेत आणि मागे सगळी उघडी असते. नेट बँकिंग असेलच तर फक्त बघण्यापुरतं ठेवता येतं, ब्रँचला लेखी अर्ज द्या.

आणि कधी खरंच पैसे गेले तर रडत बसायचं नाही, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, मग बँकेला. पैसे पुढच्या चार खात्यांत फिरायच्या आत गोठवले तरच हाती लागतात. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलं होतं, त्यात तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर बोजा नाही. पण पिन किंवा ओटीपी तुम्ही स्वतः दिलात तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. डिजिटल अरेस्टमध्ये माणूस स्वतःच पैसे पाठवतो, म्हणून तर बँका हात झटकतात.

---

चावडीवरचा_पिंपळ:

तुमच्या ताईला +१. साधा फोन द्या आणि मोकळे व्हा. आमच्याकडे मामांचा स्मार्टफोन काढून घेतला, घरात शांतता आहे. पूर्वी काय लोक जगत नव्हते का? रोख पैसे असले की निदान किती गेले ते दिसतं तरी. आणि ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं फॉरवर्डी विषही आपोआप बंद होतं, तो फायदा वेगळाच.

---

किराणा_अँड_जनरल:

पिंपळराव, शांतता मामांना आहे का तुम्हाला? सहज विचारलं.

मी दुकानदार, लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला दुकान आहे, तर माझा अनुभव दोन्हीकडून. २०१६ ला नोटाबंदी झाली तेव्हा गल्ल्यात पैसा नव्हता आणि उधारीची वही फुगली होती, तेव्हा पहिल्यांदा क्यूआर लावला. आज माझ्याकडे म्हातारी माणसं पण स्कॅन करून दहा रुपयाची साखर नेतात. सुट्ट्याची कटकट गेली, पूर्वी दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट हातावर ठेवायचो आणि लोक शिव्या द्यायचे. रात्री गल्ला मोजायला तासभर लागायचा तो वाचला. आणि खात्यावर उलाढाल दिसते म्हणून पहिल्यांदा बँकेने कर्ज विचारून दिलं, त्याआधी मला कोण उभं करत होतं.

आता दुसरी बाजू ऐका. एक पोरगं आलं, चांगलं बोलणारं, तेलाचा डबा घेतला, पैसे टाकले, स्पीकर बोलला, मी दिला डबा. काही दिवसांनी माझं खातं गोठलं. का, तर त्याने टाकलेले पैसे कुठल्यातरी फ्रॉडचे होते आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांनी जिथं जिथं तो पैसा गेला ती सगळी खाती बंद करायला लावली. डब्याची किंमत ती काय आणि अख्खं खातं बंद! होलसेलवाल्याचा चेक परत गेला, बाजारात नाव गेलं. बँकेत गेलो तर म्हणाले तिकडच्या पोलिसांचं पत्र आणा. तिकडं फोन लावला तर म्हणाले मेल करा. मी काय करू, साखर विकू का मेल करू. शेवटी ओळखीच्या वकिलाने बिलं वगैरे पाठवून सोडवलं. तेव्हा वर काका म्हणतात तसं १९३० ला फोन करून पैसे गोठवा हे बरोबरच आहे, पण ते गोठवणं कुणाच्या गळ्याला लागतं तेही बघा.

म्हणून मी बंद केलं का? नाही. केलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. २०२५ च्या जुलैमध्ये बेंगळुरूमध्ये यूपीआयच्या हिशोबावरून जीएसटीच्या नोटिसा आल्यावर बऱ्याच दुकानदारांनी "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या होत्या, आमच्याकडे पण दोघांनी लावून बघितल्या, गिऱ्हाईक तुटल्यावर आठवड्यात उतरवल्या.

आणि शेतीचं तर विचारूच नका. थोडी जमीन आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, आपल्या शेताचा पेरा आपणच अ‍ॅपमध्ये नोंदवायचा, शेतात उभं राहून फोटो काढायचा. कल्पना एक नंबर. आधी तलाठी घरात बसून पेरा लिहायचा, मी सोयाबीन लावलं तरी सातबाऱ्यावर वेगळंच निघायचं. पण शेवटच्या तारखेच्या तोंडावर सर्व्हर रडतो, शेतात रेंज नाही, आणि म्हातारी माणसं बांधावर फोन वर धरून फिरतायत. आमच्या शेजारचे अण्णा ऐंशीच्या पुढचे, त्यांचा फोटो मीच काढला, लोकेशन माझ्याच रानाचं दाखवत होतं, परत चालत त्यांच्या रानाच्या मध्यावर गेलो तेव्हा घेतला. आता यात तंत्रज्ञान वाईट का चांगलं, ज्याने त्याने ठरवावं. मला तरी तलाठ्याच्या घरी हेलपाटे मारण्यापेक्षा हे परवडतं, पण अण्णांना परवडत नाही.

---

टपालकाकू:

अहो बार्शीकर, एवढे प्रतिसाद झाले, तुम्ही बाबांना विचारलंत का काय करायचं ते? तुमच्या लिहिण्यात तुमचं मत आहे, ताईचं मत आहे, बाबांचं फक्त "काहीच बोलत नाहीत" एवढंच आहे. का बोलत नसतील?

माझं वय तुमच्या बाबांएवढंच आहे. पोस्टातून रिटायर झाले, काउंटरला मनीऑर्डरी घेतल्यात वर्षानुवर्षं, तारा पण केल्यात, २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा आम्ही जुन्या मैत्रिणींनी एकमेकींना शेवटची तार केली होती. तेव्हा "पूर्वी असलं काही नव्हतं" म्हणणाऱ्यांनी मला सांगू नये. मनीऑर्डरीच्या पावतीवर भलत्याचाच अंगठा असायचा. मुलगा मुंबईहून आईला पैसे पाठवायचा, दारूडा भाऊ मधल्या मध्ये घ्यायचा, म्हातारी आमच्याकडे येऊन विचारायची यंदा आली नाही का गं. तिला कुठलं १९३०.

हे गेले त्यानंतर पहिली दोन वर्षं मी प्रत्येक गोष्टीला कुणाचं ना कुणाचं तोंड बघत होते. बँकेत जायचं तर दीर मोकळे कधी आहेत, लाईट बिल भरायचं तर भाचा येतोय का. सगळे चांगले आहेत, कुणी नाही म्हटलं नाही, पण प्रत्येक वेळी "काकू कशाला पाहिजेत एवढे पैसे" हा प्रश्न असायचाच, प्रेमानेच विचारायचे, पण विचारायचे. यूपीआय शिकले आणि तो प्रश्न बंद झाला. आता मी नातीला परस्पर हजार रुपये पाठवते आणि तिच्या आईला सांगत नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावायचे, गुडघे धरून, आता जीवन प्रमाणचं अ‍ॅप आहे, चेहरा दाखवला, डोळे मिचकावले, झालं काम. पहिल्यांदा केलं तेव्हा उजेड कमी म्हणून चारदा नाकारलं, मग गॅलरीत जाऊन कुंड्यांमध्ये उभी राहिले तेव्हा घेतलं. जिवंत असल्याचा दाखला गॅलरीत मिळाला.

मला पण तसला फोन आलेला आहे. माझ्या नावाने पार्सल अडकलंय, त्यात ड्रग्ज आहेत म्हणे. मी म्हटलं नंबर सांगा पार्सलचा, आर्टिकल नंबर. तो गडबडला. मी म्हटलं तेरा अक्षरांचा असतो, आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन, सांगा बरं. ठेवला फोन. ते मी पोस्टात होते म्हणून. उद्या त्याने पेन्शनबद्दल काही सांगितलं असतं तर माझी पण गाळण उडाली असती, खोटं कशाला बोलू.

तुम्ही फोन काढून घेतलात तर तुमची काळजी मिटेल. पण उद्यापासून बाबा तुम्हाला फोन करून सांगणार, बाळा दोनशेचा रिचार्ज कर. आणि कॉलनीतले जे लोक त्यांच्याकडे येतात ते पण यायचे बंद होतील. याचा विचार तुम्ही आणि ताई मिळून करा.

---

सर्व्हरडाऊन:

काकूंना दंडवत _/\_

मी आयटीवाला, तेवढ्यापुरतं बोलतो. फोन न काढता करण्यासारखं बरंच आहे आणि पंधरा मिनिटांचं काम आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत अनोळखी कॉल सायलेंट करायची सोय आहे, ती चालू करा, खाकीवाल्याचा व्हिडिओ कॉल वाजणारच नाही. गॅसवाला साध्या कॉलवर येतो, त्याला काही होत नाही. अँड्रॉइडमध्ये "अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल" ची परवानगी व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर, फाइल मॅनेजर सगळ्यांची बंद करून टाका, कारण सध्या लग्नपत्रिकेच्या नाहीतर आरटीओ चलानच्या नावाखाली एपीके फाइल येते, दाबली की एसएमएस वाचणारं अ‍ॅप बसतं आणि ओटीपी परस्पर तिकडे. स्क्रीन शेअरची अ‍ॅप्स असतील तर उडवा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा म्हणजे अंगठ्यावर कुणी पैसे काढू शकत नाही, लागेल तेव्हा उघडता येतं.

आणि यूपीआय सर्कल म्हणून ऑगस्ट २०२४ पासून एक प्रकार आलाय, त्यात खातं तुमचं, पेमेंट बाबा करणार. एकतर महिन्याला जास्तीत जास्त पंधरा हजारांपर्यंत सूट देता येते नाहीतर प्रत्येक पेमेंटला तुमची परवानगी लागते. म्हणजे बाबांचं खातं फोनवर नसलं तरी क्यूआर स्कॅन चालू राहतं.

बाकी बटणांच्या फोनवाल्या मंडळींसाठी, पहिला कॉल साधाच असतो हो, नऊ दाबा वाला. तो बटणांवर पण येतो. आणि यूपीआय पण बटणांच्या फोनवर २०२२ पासून चालतंय.

---

टपालकाकू:

प्रत्येक पेमेंटला मुलाची परवानगी? म्हणजे परत "कशाला पाहिजेत एवढे पैसे" आलंच की, फक्त आता ते फोनवर टिंग वाजून येणार. बार्शीकर, हे ज्याला हवं त्याने घ्यावं, माझ्या फोनात नको.

---

चावडीवरचा_पिंपळ:

काकू, तुमच्यासारखे सगळे नसतात ना पण. आमचे मामा तेरा अक्षरं विचारणाऱ्यातले नाहीत, ते पाठवून मोकळे झाले होते, तेही दोनदा. मग काय करायचं, तिसऱ्यांदा वाट बघायची का? किराणावाले, शांतता मामांना नाहीये, खरंय. चिडतात माझ्यावर. पण खात्यात पैसे आहेत.

---

निवृत्त_कॅशियर:

पिंपळ, तुमचं पण बरोबर आहे. जो एकदा फसला त्याचा नंबर या लोकांच्या यादीत जातो आणि "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो" म्हणून दुसरा फोन येतो. दोनदा फसलेल्याला यादीबाहेर काढायचं तर नंबर बदलणं आलंच. पण मग व्हिडिओ कॉलपुरता दुसऱ्या नंबरचा फोन तरी द्या, नातवंडं दिसू देत त्यांना.

---

बार्शीकर_पुण्यात:

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

काकूंचं वाचून शनिवारी बार्शीला गेलो आणि बाबांना सरळ विचारलं. आधी विषय टाळला, पांडे चौकातून भाजी आणू म्हणाले. रस्त्यात म्हणाले, पैशाचं काही नाही रे, मी त्या माणसाला सर म्हणत होतो, नोकरीत कधी कलेक्टरला एवढं सर म्हटलं नसेल, आणि तुझी आई दारात उभी राहून बघत होती. मग भाजीवाल्याला फोन काढून स्कॅन केलं, नाव वाचून त्याला विचारलं हे तुझंच ना, आणि पैसे टाकले. म्हणजे बंद काही केलेलं नाहीये त्यांनी, आमच्यासमोर काढत नव्हते एवढंच.

ऑटो स्वीप निघाला! कॅशियर काका, साष्टांग. सोमवारी ब्रँचला जाऊन बंद केला, एफडी आईबाबांच्या जॉइंट नावावर करून मोडायला दोघांच्या सह्या लागतील असं करून घेतलं. ही आयडिया बाबांचीच. व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल सायलेंट केले. यूपीआय सर्कल नको म्हणाले, कारण विचारलं नाही :)

ताई अजून नाराज आहे. तिचं म्हणणं, लाईट गेली नसती तर तुझे हे धागे कुणी वाचले असते. यावर माझ्याकडे उत्तर नाहीये.

एक शंका राहिली, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं तर रेशन दुकानात अंगठा चालेल का? आईचा दर महिन्याला लागतो.

---

सर्व्हरडाऊन:

लॉक असताना नाही चालणार. रेशनला जायच्या आधी अ‍ॅपमधून तात्पुरतं उघडायचं, थोड्या वेळाने आपोआप परत लॉक होतं. आईंना झेपत नसेल तर त्यांचं राहू द्या, बाबांचं करा.

---

किराणा_अँड_जनरल:

आणि रेशन दुकानात अंगठा उमटला नाही तर घरून बोटाला थोडं खोबरेल लावून, पुसून जायला सांगा. कोरड्या बोटाला मशीन घेत नाही, आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या हेच करतात.